भाकरीचं मशीन सदलग्याला येतं

खोकं दारातून आत येईना. नागेंद्रनं ते आडवं करून बघितलं, उभं करून बघितलं, शेवटी जावईबापूंना आतून ओढायला लावलं आणि स्वतः बाहेरून खांदा दिला. चौकटीचा हिरवा रंग खरवडून घेत खोकं एकदाचं आत आलं.

"सावकाश रं," मारुतीराव म्हणाले. "घर भाड्याचं न्हाय."

"ह्याच दारातनं म्हस आत जाती रोज," जयाक्का उंबऱ्याजवळ बसूनच बोलली. "आणि भाकरीचं मशीन जाईना? आसं केवढं म्हणायचं हे?"

तिच्या मांडीवर फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या. आज आणू नको म्हणून तिला कालच सांगितलं होतं. तरी तिनं आणल्या होत्या आणि त्या कुणी मागेपर्यंत देणार नाही अशा तोऱ्यात बसली होती.

काल मारुतीरावांच्या बायकोचं, नागुबाईचं, वर्षश्राद्ध झालं. पै-पाहुणे गेले, मांडव उतरला, मोठी भांडी ज्याची त्याला परत गेली. मागं राहिली घरची माणसं आणि वर्षभर फोनवर चघळून चोथा झालेला प्रश्न. आण्णांचं, म्हणजे मारुतीरावांचं, काय करायचं?

मुलगा नागेंद्र आणि त्याची बायको रचना म्हणत, घराला कुलूप लावा आणि बेळगावला वडगावात आमच्याकडं या. मुलगी माधवी म्हणे, बेळगाव लांब पडतं, चिकोडी जवळ, लेकीकडं राहायला लाज कसली? मारुतीरावांना कुठंच जायचं नव्हतं. पण "मग जेवणाचं काय?" असं कुणी विचारलं की त्यांचं तोंड बंद होई. आमटी-भात ते करत. भाकरीचं मात्र जयाक्कावर होतं. ती त्यांची थोरली बहीण, पलीकडच्या गल्लीत राहणारी. वर्षभर रोज सकाळी भाकरी बांधून आणत होती आणि आता तिचे गुडघे बोलायला लागले होते.

तेव्हा नागेंद्रनं तोड काढली. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात तो यंत्रं सांभाळायचा, त्यामुळं जगातल्या कुठल्याही दुःखावर एक चांगलं मशीन असतं अशी त्याची समजूत. त्यानं बाजारातलं सगळ्यात भारी भाकरीचं मशीन मागवलं. बोली अशी ठरली, की त्यावर आण्णांना खाण्यासारखी भाकरी करता आली तर आण्णा सदलग्यात राहतील. नाही जमली, तर आज संध्याकाळी गाडीत बसतील.

मारुतीराव व्हय म्हणाले होते. आयुष्यात पहिल्यांदाच एका मशीनचं भलं व्हावं असं त्यांना मनापासून वाटत होतं.

"चांगलं एकदाच घ्यायचं, आण्णा," नागेंद्र खोक्याची पट्टी कापत म्हणाला. "स्वस्तातलं घेतलं की ते पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं. तुमचा फवारणीचा पंप आठवतोय का?"

पंप सगळ्यांनाच आठवत होता. निपाणीच्या बाजारात मारुतीरावांनी घासाघीस करून घेतलेला. त्यानं ऊस कमी आणि मारुतीरावच जास्त भिजले होते. नागुबाईनं तेव्हा दारातच अडवून विचारलं होतं, कीड कुणाला लागलीया, उसाला का तुमास्नी?

"आणि आईची काठवट बघा," नागेंद्र पुढं म्हणाला. "चिंचलीच्या जत्रेत सगळ्यात महागाची उचलली. अजून हाय तशी हाय."

"आईला मधी आणू नको, दादा," माधवी म्हणाली. "आईनं मशीनला जवळ केलं नसतं."

"आई नवं आलेलं पहिल्यांदा घ्यायची. मिक्सर गल्लीत पहिला कुणाकडं आला?"

"आणि त्यात ती चटणी कधी वाटायची? पाट्यावरच वाटायची."

"वाटायची की मिक्सरमध्ये! तुझं लग्न झाल्यावर."

नागुबाई असती तर दोघांना गप्प बसवून तिसरंच काहीतरी खरं सांगितलं असतं. मारुतीराव उठले. कट्ट्यावर जागा करायची होती, तिथली भाकरी थापायची लाकडी काठवट त्यांनी स्वतः उचलली आणि भिंतीला टेकवून ठेवली. ती दुसऱ्या कुणाच्या हाताला लागू नये इतकंच.

मशीन बाहेर आलं. पांढरंशुभ्र, गुळगुळीत, वर पिठाचा डबा, बाजूला पाण्याची टाकी, पुढं भाकरी बाहेर येण्याची फट. साईराजनं, माधवीच्या नवऱ्यानं, भोवती एक फेरी मारली. "आण्णा, ह्याला हार घालायला पायजे."

मग पिनेचा घोटाळा निघाला. मशीनची पिन जाड होती. स्वयंपाकघरातल्या प्लगात ती जाईना. दिवाणखान्यातल्याही जाईना. नागेंद्र घरभर पिन हातात घेऊन फिरला.

"जाड पिनेचा प्लग एकच हाय," मारुतीराव हळूच म्हणाले. "गोठ्यात. कडबाकुट्टीचा."

रचना शाळेत शिकवायची. तिचं बोलणं नेहमी मोजकं. "गोठ्यात?" एवढंच ती म्हणाली.

"त्यो पण चांगल्यातला बसवून घेतलाय," मारुतीराव म्हणाले. "एकदाच."

अशा रीतीनं बाजारातलं सगळ्यात भारी भाकरीचं मशीन परसातल्या गोठ्यात, कडब्याच्या पेंढ्या रचून केलेल्या ओट्यावर जाऊन बसलं. त्याच्या एका अंगाला कडबाकुट्टी आणि दुसऱ्या अंगाला चंद्री म्हैस. चंद्रीनं मशीनकडं बघितलं, मशीनवर एक निळा दिवा लागला, चंद्रीनं मान फिरवली. जयाक्का मशीनकडं पाठ करून पालथ्या बादलीवर बसली, भाकरीचं गाठोडं मांडीवर.

मशीन हिंदीत बोललं. आटा डालिए म्हणालं.

"बाईमाणूस हाय आत?" जयाक्का दचकली.

"रेकॉर्डिंग आहे, आत्ती," रचना म्हणाली. "भाषा बदलता येते. मराठी..." तिनं बटणं दाबून बघितली. "मराठी दिसत नाही. कन्नड आहे."

"ठेव की मग कन्नड," मारुतीराव म्हणाले. "बस कन्नड बोलती, बँक कन्नड बोलती, भाकरीनं काय पाप केलंय?"

मशीन म्हणालं, "दयविट्टु हिट्टु हाकी."

"पीठ घाल म्हणतीया," जयाक्का म्हणाली आणि मशीनकडं वळून चढ्या आवाजात म्हणाली, "तडी! थांब जरा! घालतोय की! बोंबलाय काय झालं?"

आण्णांनीच करायचं अशी बोली होती. मारुतीरावांनी जोंधळ्याचं पीठ घातलं, पाणी घातलं आणि बटण दाबलं. आतून गुरगुर झाली, दाबल्याचा आवाज आला, वाफ निघाली. सगळे फटीकडं वाकले. फटीतून भाकरी आली, पण ती भाकरी म्हणून आली नाही. आधी कड आली, मग थोडं पीठ आलं, मग मधला भाग तुकड्यातुकड्यांनी आला.

"भरड केलीया," साईराज म्हणाला. "चंद्रीला चालंल."

"पाणी कमी पडलं," नागेंद्र म्हणाला.

पाणी वाढवलं. ह्या खेपेला फटीतून एक लांब, पांढरी, चिकट जीभ बाहेर आली आणि पेंढीवर लोंबली. मशीन गोड आवाजात म्हणालं, जेवण तयार आहे.

"हे जेवाण?" जयाक्का इतकी खूश झाली की तिचे गुडघे दुखायचे थांबले. "हे तर पोस्टर चिकटवायचं झालं! मी सांगत न्हवतो? आरं, बाईच्या हातातला घास ह्या डब्यात कुठनं यायचा? बोलवा मला रोज. माझ्या गुडघ्याचं माझं मी बघतो."

मारुतीराव सरळ घरात गेले. तिथं माधवीनं त्यांच्या कपड्यांची पिशवी भरायला घेतली होती.

"आण्णा, सदरे एवढेच?" ती म्हणाली. "चिकोडीत बरं वाटंल तुमास्नी. साईराजच्या दुकानात बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायचं."

"पिशवी आमच्या गाडीत ठेवायची आहे," मागून आलेली रचना म्हणाली. "खोली तयार आहे. पडदेसुद्धा लावलेत."

"वैनी, तुमी दोघं सकाळी जाता ते संध्याकाळी येता. आण्णांनी पडद्यांशी बोलायचं?"

"आणि तुमच्या दुकानात गिऱ्हाईक किती येतं ते मला माहीत आहे, माधवी. तिथंही पडद्यांशीच."

पिशवीचा एक बंद माधवीच्या हातात, दुसरा रचनाच्या. मारुतीराव दोघींच्या मधल्या आपल्या पिशवीकडं बघत उभे राहिले. आत त्यांचे सदरे, टॉवेल, कानटोपी. आपल्याला दोन माणसं इतकी ओढतात, तर बरं वाटायला पाहिजे होतं. पण त्यांना वाटत होतं, ही पिशवी कुठंतरी टेकवा आणि मला हितंच राहू द्या.

तेवढ्यात परसातून नागेंद्रची आरोळी आली. त्यानं कंपनीला फोन लावला होता. "अपडेट येतंय! ज्वारीसाठी नवीन अपडेट आहे म्हणे. पाच मिनिटं! मग शंभर टक्के होणार!"

"भाकरीला पण अपडेट?" साईराज म्हणाला.

ही शंभर टक्क्यांची गोष्ट ऐकली आणि चहा ठेवायला आत येऊन चुलीजवळ बसलेल्या जयाक्काचा चेहरा उतरला. मारुतीरावांनी तो बघितला. वर्षभर ती रोज सकाळी ह्या घरात येत होती. भाकरी द्यायची, भांडी इकडची तिकडं करायची, नागुबाई असं ठेवत नव्हती म्हणून दोन शब्द सुनवायचे आणि चहा पिऊन जायचं. तिचंही दार दिवसभर दुसरं कुणी वाजवत नव्हतं. मशीन चाललं तर तिनं सकाळी उठून जायचं कुठं?

चुलीवर चहासाठी पाणी खळखळत होतं. जयाक्का उठली, पदरानं पातेलं धरलं आणि तरातरा परसात गेली. मारुतीराव मागं धावले, पण उशीर झाला. तिनं मशीनच्या टाकीचं झाकण उघडलं आणि सगळं उकळतं पाणी आत ओतलं.

"आत्ती!" नागेंद्र किंचाळला.

"तहान लागली आसंल बाईला," जयाक्का म्हणाली. "सकाळधरनं बोलतीया."

मशीन थरथरलं. निळा दिवा गेला, लाल आला, पुन्हा निळा आला. आतून पहिल्यापेक्षा वेगळा आवाज यायला लागला, दबका, समजुतीचा. नागेंद्र डोक्याला हात लावून कडब्यावर बसला. आणि फटीतून भाकरी आली.

गोल. पातळ. कड न तुटलेली. बाहेर पडता पडता ती फुगली, मधोमध टम्म झाली आणि सुस्कारा सोडून खाली बसली.

नागेंद्र कडब्यावरून उठला. चंद्रीनंही रवंथ थांबवला.

"आगं बाई," जयाक्का हळूच म्हणाली. "आधाणच की. जोंधळ्याला आधाणाचं पाणीच लागतंय." मग तिला सगळे आपल्याकडं बघतायत हे कळलं आणि तिनं पदर सावरला. "म्हणून तर मी घाटलं. तुमाला काय वाटलं?"

मग झुंबड उडाली. जयाक्का गाठोडं मांडीवर घेऊन पुन्हा बादलीवर बसली. एकामागून एक भाकरी येत राहिल्या. माधवीनं खर्डा आणला, रचनानं दही आणलं, साईराज गोठ्यातच मांडी घालून बसला. भाकरी खरंच चांगली होती. मारुतीरावांनी एक तुकडा मोडला आणि बराच वेळ चावला. खोट काढायला काही सापडलं नाही.

"म्हणजे आण्णा राहणार," नागेंद्र म्हणाला. त्याला बोली जिंकल्याचा आनंद होता. मशीन बापासाठी होतं का बाप मशीनसाठी, हे त्या घटकेला त्याला विचारायला नको होतं.

माधवी घास गिळून म्हणाली, "दादा, एका माणसासाठी एवढं मोठं मशीन गोठ्यात पडून राहायचं? आमच्याकडं सहा माणसं जेवतात. आण्णांनी मशीन घेऊन आमच्याकडंच यावं."

"मशीन बेळगावातून आलंय," रचना म्हणाली. आता तिच्या बोलण्यातला मोजकेपणा गेला होता. "मी पहाटे उठून डबे करते, मग शाळा, मग वह्या. आण्णा आमच्याकडं आले तर मशीनही आलं. वॉरंटीसुद्धा बेळगावचीच आहे."

"कशाला बेळगाव आणि कशाला चिकोडी?" जयाक्का म्हणाली. "माझ्याकडं ठेवा. जाड पिनेचा प्लग मी उद्याच घालून घेतो. मारुती जेवायला माझ्याकडं यील. बाई मला वळखती आता." तिनं मशीनच्या पाठीवरून हात फिरवला.

"आत्ती, सकाळी तू हिच्या भाकरीला पोस्टर चिकटवायचं म्हणत होतीस!" नागेंद्र म्हणाला.

"सकाळी तिला आधाण कुणी दिलं न्हवतं."

साईराज मारुतीरावांच्या कानाशी वाकला. "आण्णा, तुमची मागणी लई वाढली बघा."

मारुतीराव बोलणार, इतक्यात जयाक्का ओरडली. वादाच्या भरात तिचं गाठोडं मांडीवरून सरकून गव्हाणीच्या काठाला गेलं होतं. चंद्रीनं मान लांब केली, फडक्याच्या गाठीचं टोक दातात धरलं, सवयीनं एक हिसडा दिला, गाठ सुटली, आणि ती वरची भाकरी घडी घालून खायला लागली. घाई नव्हती, झटापट नव्हती. रोजचं काम केल्यासारखं.

जयाक्का तोंड उघडं टाकून बघत राहिली. "हिला गाठ सोडाय कुणी शिकवलं?"

मारुतीराव खाली बघायला लागले.

"मारुती?"

"आक्का..."

"मारुती, ह्या म्हशीला माझी गाठ म्हाईत हाय."

"तुझी भाकरी लई चांगली आस्ती, आक्का. ती पण तेच म्हणती."

"वरीसभर? वरीसभर मी गुडघं धरून भाकरी आणतोय आणि तू म्हशीला चारतोयास?" जयाक्का उभी राहिली. "आणि मी गल्लीत सांगत फिरतोय, माझ्या भाकरीनं मारुती बघा कसा भरलाय! भरली ही!" चंद्रीच्या तुकतुकीत पाठीवर तिनं थाप मारली. चंद्रीनं दुसरी भाकरी उचलली.

"मग आण्णा, तुम्ही खात काय होता?" रचनानं विचारलं.

आता लपवून उपयोग नव्हता. मारुतीराव आत गेले, दुरडीवरचं झाकण काढलं आणि पहाटे सगळे झोपेत असताना केलेली भाकरी ताटलीत घेऊन आले.

तिला गोल म्हणणं अवघड होतं. एका बाजूला ती जाड होती, दुसऱ्या बाजूला पातळ. एक कान बाहेर आला होता. दोन ठिकाणी काळे डाग होते.

"ही कुणी केली?" माधवीनं विचारलं, आणि उत्तर कळून तिनं तोंडावर पदर घेतला. ती हसतेय का रडतेय हे मारुतीरावांना समजेना. बहुतेक तिलाही समजत नव्हतं.

"पयल्यांदा तर धरायच्या आधीच मोडायची," मारुतीराव म्हणाले. "आता तव्यापतुर जाती."

"आण्णा, तुम्हाला भाकरी येते!" नागेंद्रचा आवाज चढला. "मग सांगायचं नाही? मशीन कशाला घेऊ दिलंत?"

"तू इचारलंस कुठं? तू डायरेक खोकं घेऊन आलास. आणि सांगायचं कसं? बाप्या माणूस काठवटीवर भाकरी थापतोय म्हटल्यावर ही आक्का दुपारपतुर नदीच्या पलीकडं बातमी पोचवंल."

"दुपारपतुर कशाला?" जयाक्का रागातही खरं बोलली. "न्ह्यारीच्या आधी."

"पण मशीन चांगलं आहे," नागेंद्र म्हणाला. आता तो इंजिनियरसारखा बोलत नव्हता, शाळेतून चुकीचं उत्तर देऊन आलेल्या पोरासारखा बोलत होता. "तुमचा रोजचा तासभर वाचेल, आण्णा."

"मशीन चांगलंच हाय. खोट न्हाय त्यात." मारुतीरावांनी ताटली ओट्यावर ठेवली. "पण वाचलेला तास ठेवू कुठं, त्ये सांग. तुझी आई गेल्यापासनं मला तासांची काय टंचाई हाय व्हय? सकाळी डोळा उघडतोय. घरात आवाज नस्तोय. मग मी उठतोय, पीठ घेतोय, आधाण ठेवतोय, थापतोय, मोडतंय, परत थापतोय. धूर हुतोय. तेवढ्यात उजाडतंय. त्यो एक तास माझा बरा जातोय. त्योच तू वाचवाय निघालास."

 मशीननं बराच वेळ कुणी बटण दाबलं नाही म्हणून विचारलं, आणखी पीठ घालणार का?

"बेडरी," जयाक्का तिला म्हणाली. नको. ह्या खेपेला आवाज न चढवता.

पुढचं मग फार बोलावं लागलं नाही. मारुतीराव म्हणाले, ज्याला तास कमी पडतोय त्यानं मशीन न्यावं. रचनानं मान खाली घातली. माधवीनं तिच्याकडं बघितलं, काहीतरी टोचून बोलायला तोंड उघडलं आणि तेच तोंड वापरून म्हणाली, "न्या वैनी. पण पिन तेवढी आधी बघा." आणि पिशवीतले सदरे काढून ती परत खुंटीला अडकवायला गेली. साईराजनं खोकं पुन्हा दारातून बाहेर काढलं. चौकटीच्या दुसऱ्या बाजूचाही रंग गेला.

जायच्या आधी नागेंद्र स्वयंपाकघरात एकटाच घुटमळत होता. भिंतीला टेकवलेली काठवट त्यानं हातात घेतली आणि कामावर एखादा भाग तपासावा तसा तिच्यावरून अंगठा फिरवला.

"आण्णा, ह्याचमुळं तुमची भाकरी वाकडी होतेय. मधी झिजलीय बघा. खळगा पडलाय, तोही एका अंगाला. ह्याच्यावर सरळ भाकरी होणारच नाही. मी नवीन आणतो. चांगल्यातली."

मारुतीरावांनी काठवट त्याच्या हातातून घेतली. खळगा त्यांना ठाऊक होता. नागुबाईच्या तळव्याएवढा होता, त्यांच्या तळव्याला अपुरा. रोज सकाळी त्यांचा हात त्यात घसरायचा आणि भाकरीला कान फुटायचा.

"नको," ते म्हणाले आणि काठवट कट्ट्यावर तिच्या जागी ठेवली.

नागेंद्रनं एकदा त्या खळग्याकडं बघितलं, एकदा बापाच्या हाताकडं. मग वाकून पाया पडला आणि गाडीत जाऊन बसला.

गाड्या गेल्या. जयाक्का रिकामं फडकं झटकत दारात उभी होती. राग संपला होता, पण तो संपला हे सांगायची तिची तयारी नव्हती.

"मग उद्या भाकरी आणू का नको?" तिनं रस्त्याकडं बघत विचारलं.

"आण की," मारुतीराव म्हणाले. "चंद्री वाट बघंल. आणि च्याला ये."

"गाठ मारू का न्हाय?"

"मार. तिला सोडायला आवडतंय."